कोणता करडा खरा? लढाऊ विमानांच्या प्रतिकृती आणि रंगाचा वाद

भारतीय वायुसेनेचे एखादे लढाऊ विमान एकास बहात्तर प्रमाणात जोडायला घेतले, तर पंख कुठे चिकटवायचे यावरून दोन मॉडेलर भांडत नाहीत. कागदावर आकृती असते, तुकड्यांवर क्रमांक असतात. वाद पेटतो तो रंगाची बाटली उघडल्यावर. मिग-२१ चा हिरवा किती काळपट? पोटाचा आकाशी किती निळा आणि किती करडा? सुखोई-३० एमकेआयचा करडा निळ्याकडे झुकतो की मातकटाकडे? या छंदात रंगावरून जेवढी वादावादी होते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल. भारतीय विमानांच्या बाबतीत तर पुराव्याची बाजूच लंगडी, त्यामुळे वाद अधिक चिवट. तो आज कुठवर आला आहे, कोण काय म्हणते आणि काय अजून लोंबकळते आहे, एवढेच इथे पाहायचे आहे.

आमच्या भंडारा जिल्ह्यात विमानतळ नाही आणि हवाई तळही नाही. तरी इथल्या छांदिष्टाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. साठेक किलोमीटरवर नागपूरच्या वायुसेना नगरात मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. वायुसेनेच्या विमानांची मोठी दुरुस्ती करणारे बेस रिपेअर डेपो याच कमांडखाली येतात. त्यांतला ११ क्रमांकाचा डेपो नाशिकजवळ ओझरला आहे. मिग-२९ सारखी विमाने तिथे उघडली जातात, दुरुस्त होतात आणि नवा रंग लेवून बाहेर पडतात. म्हणजे ज्या रंगावर आपण वाद घालतो, तो बदलण्याचे काम महाराष्ट्रातच चालते. नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपूरला एअर फेस्ट झाला तेव्हा वायुसेनेच्या सूर्यकिरण कसरत-पथकाची लाल-पांढरी हॉक विमाने पाहायला आमच्याकडूनही गाड्या भरून लोक गेले होते. परतताना 'लाल नेमका कोणता' हा प्रश्न निदान दोघातिघांना तरी पडला असणार.

चांदीपासून करड्यापर्यंत

मिग-२१ वायुसेनेत आले १९६३ साली, चंदीगडच्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. १९६४ मध्ये ओझरला कारखाना उभा राहू लागला आणि पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने तिथे मिग-२१ च्या एफएल, एम आणि बिस या आवृत्त्या बांधल्या. ही विमाने सुरुवातीला उघड्या धातूच्या चांदी रंगात असत. मॉडेलरच्या दृष्टीने तो काळ सोपा वाटतो, पण तसा तो नाही. धातूवर संरक्षक लाखेचा थर दिलेला असे. तो नवा असताना चकचकीत दिसे आणि पुढे मंद, पिवळसर पडत जाई. नाकाचा शंकू आणि अँटेनावरचे पडदे धातूचे नसल्यामुळे त्यांना निराळा रंग लागे. चाकांचे हब हिरवे आणि कॉकपिटचा आतला भाग निळसर हिरवा. या निळसर हिरव्यावरच आजवर किती वाद झाले याची गणती नाही.

याच्या आधी, १९५७ पासून आलेल्या हंटर विमानांनी आपल्याकडे ब्रिटिश पद्धतीचे रंग आणले होते. वरून गडद हिरवा आणि गडद सागरी करडा, असे मोठे वळणदार पट्टे. त्यांना ब्रिटिश मानकांत नाव होते, क्रमांक होता. हंटर रंगवणाऱ्याला म्हणूनच अजूनही फारशी चिंता नसते.

चिंता १९७१ पासून सुरू होते. धावपट्टीवर उभे असलेले चांदीचे विमान उन्हात कितीतरी लांबून लकाकते, हे १९६५ च्या युद्धात कळून चुकले होते. पुढच्या युद्धाच्या वेळी मिग-२१ एफएलवर हिरवे-तपकिरी रंग चढवले गेले, आणि एकाच कारखान्यातून एकाच नमुन्याने चढवले गेले असे छायाचित्रांवरून दिसत नाही. पट्ट्यांची रुंदी वेगळी, कडा कुठे धारदार तर कुठे फवाऱ्याने पुसट, काही विमानांवर हिरव्याच्या दोन छटा, काहींचे पोट अजून चांदीचेच. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर रॉकेटे सोडणारी मिग-२१ कोणत्या रंगात होती, हा प्रश्न म्हणूनच विमानागणिक विचारावा लागतो.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. एम, बिस आणि ओझरलाच बांधलेल्या मिग-२७ या विमानांवर हिरवा-तपकिरी वरून आणि फिकट निळा खालून, हा साचा रुळला. १९७९ मध्ये अंबाल्याला जॅग्वार आले ते ब्रिटिश रंगांत, १९८५ मध्ये ग्वाल्हेरला मिराज आले ते निळसर करड्यात. १९८७ साली पुण्याच्या लोहगावला मिग-२९ उतरले आणि १९९७ मध्ये तिथेच सुखोई-३०. तेव्हापासून करड्याचे राज्य सुरू झाले. आकाशात, उंचावर, दूरवरून दिसू नये हा हेतू जमिनीवर लपण्यापेक्षा महत्त्वाचा ठरला. मिग-२१ ची सुधारित 'बायसन' आवृत्ती झाली तेव्हा तिलाही बहुधा करडाच मिळाला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले. बासष्ट वर्षांत या एका विमानाने चांदीपासून करड्यापर्यंत वायुसेनेची बहुतेक रंगसंगती अंगावर घेतली, म्हणून या लेखात उदाहरण पुन्हा पुन्हा त्याचेच येईल.

क्रमांकावर विश्वास ठेवणारे

पहिली बाजू म्हणते, डोळ्यांवर विसंबू नका, शेड कार्ड बघा. अमेरिकेत १९५६ पासून २०१७ पर्यंत फेडरल स्टँडर्ड ५९५ नावाची रंगपत्रिका लागू होती. तिचा पाच आकडी क्रमांक वाचायला शिकले की बरेच कळते. पहिला आकडा तुकतुकी सांगतो, १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे मंद. दुसरा आकडा रंगाचे कूळ, त्यात ४ हिरवा, ५ निळा, ६ करडा. शेवटचे तीन आकडे जितके मोठे तितका रंग साधारणपणे फिकट. ३६३७५ म्हणजे मंद, करडा, बऱ्यापैकी फिकट. अमेरिकी एफ-१६ च्या पोटावर हाच असतो. ब्रिटिशांची बीएस ३८१सी पत्रिका आहे, जर्मनांची १९२७ पासूनची राल आहे.

आपली स्वतःची पत्रिकाही आहे, आयएस ५. कारखान्यांना, पाइपलाइनींना आणि सरकारी यंत्रांना रंग देणारे कंत्राटदार ती रोज वापरतात. तिच्यातला 'स्मोक ग्रे ६९२' किंवा 'डार्क ॲडमिरल्टी ग्रे ६३२' पाहिला तर नाव आणि क्रमांक दोन्ही ब्रिटिश पत्रिकेतलेच निघतात. विद्युत पॅनेल रंगवणाऱ्याला राल ७०३२ सांगा, तो पुढचा प्रश्न न विचारता डबा काढून देईल. अशी शिस्त विमानाच्या प्रतिकृतीत का नको, असे या बाजूचे म्हणणे, आणि ते वाजवी आहे. क्रमांक असला की भंडाऱ्यातला माणूस आणि पोलंडमधला माणूस एकाच रंगाबद्दल बोलत आहेत याची खात्री असते.

अडचण दोन ठिकाणी येते. अमेरिकी विमानाच्या रंगकामाची तांत्रिक पुस्तिका मॉडेलरच्या हातात असते, भारतीय मिगची नसते. मग किट बनवणारी कंपनी छायाचित्र पाहून सर्वांत जवळचा अमेरिकी क्रमांक ठरवते. रंग बनवणारी कंपनी त्या क्रमांकाला आपल्या बाटल्यांपैकी जवळची बाटली जोडते. ती बाटली दुकानात नसते, म्हणून दुकानदार तिच्या जवळची दुसरी देतो. प्रत्येक पायरीवर 'जवळपास' एवढीच हमी असते, आणि तीन जवळपास मिळून बरेच लांब जाता येते. पत्रिकेतला क्रमांक इतका नेमका दिसतो की तो अंदाज आहे हे विसरायला होते.

दुसरी अडचण मोजमापाची. दोन रंगांतला फरक आकड्यात सांगायची पद्धत आहे, तिला डेल्टा-ई म्हणतात. साधारण १ एवढा फरक आदर्श उजेडात सरावलेल्या डोळ्याला जेमतेम जाणवतो. एकाच नावाच्या, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या शेजारी शेजारी लावून वाळवल्या तर त्यांतला फरक डेल्टा-ईचे यंत्र नसतानाही खोलीच्या दारातून दिसतो.

फोटोवाले

दुसरी बाजू कागद बाजूला ठेवते आणि अमुक तारखेचे, अमुक क्रमांकाच्या विमानाचे छायाचित्र मागते. १९७१ च्या विमानांबाबत याला पर्यायच नाही. पण त्या काळची छायाचित्रे बहुतेक कृष्णधवल. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म कृष्णधवल होती. रंगीत हवी तर मिळेल ती परदेशी, बरेचदा पूर्व जर्मनीची ओर्वो. तिचे रंग पन्नास वर्षांत उतरले, आणि उतरताना सगळे सारखे उतरत नाहीत. एक थर आधी जातो, दुसरा नंतर, त्यामुळे जुन्या पारदर्शिकेवर तांबूस किंवा निळसर झाक येते. अशा चित्रावरून हिरव्याची छटा ठरवणे धाडसाचे आहे.

डिजिटल छायाचित्रात फिल्म उतरत नाही, पण कॅमेरा स्वतः 'पांढरा' कुठे आहे ते ठरवतो. संध्याकाळी काढलेला सुखोई मातकट दिसतो, ढगाळ सकाळचा निळा. आताचे फोन तर आकाश अधिक निळे करून देतात आणि करड्या विमानाच्या पाठीवर त्या आकाशाचा निळा उतरतोच. यात भर पडली आहे ती यंत्राकडून रंगवून घेतलेल्या जुन्या कृष्णधवल चित्रांची. यंत्राने भरलेला हिरवा हा यंत्राचा अंदाज आहे, तरी दोनचार वर्षांत अशी चित्रे पुरावा म्हणून फिरू लागली आहेत. मला हा या क्षेत्रातला सर्वांत काळजीचा भाग वाटतो.

फोटोवाल्यांतल्या जाणत्या लोकांनी मात्र एक चांगली रीत घालून दिली आहे. चित्रातून रंग उचलायचा नाही, दोन रंगांमधले नाते उचलायचे. हिरवा तपकिरीपेक्षा गडद आहे की फिकट, किती गडद, कडा पुसट आहे की धारदार, हे फिल्म उतरली तरी बरेचसे टिकते. चौकटीत ज्याचा रंग आपल्याला ठाऊक आहे अशी वस्तू शोधायची, म्हणजे विमानावरच्या चक्राकार राष्ट्रीय चिन्हातला पांढरा, टायरचा काळा, शेजारी उभा पिवळा ट्रॅक्टर, आणि तिच्यावरून चित्राची झाक किती ते जोखायचे. कृष्णधवल चित्रातही एवढे काम होते. १९७१ च्या एफएल विमानांबद्दल आज जे काही खात्रीने सांगता येते, ते प्रामुख्याने या रीतीनेच हाती लागले आहे.

खुद्द विमानाला विचारावे तर

तिसरी बाजू म्हणते, विमान अजून उभे आहे, जाऊन बघा. गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ पासून नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. तिथे सी हॉक आहे, अलीझे आहे, सी हॅरियर आहे. दिल्लीत पालमला आणि बंगळुरूला एचएएलच्या आवारात संग्रहालये आहेत. चौकाचौकात, सैनिकी शाळांच्या दारात, छावणीच्या फाटकाशी निवृत्त मिग उभे आहेत.

मात्र फाटकावरचे विमान हा रंगाचा साक्षीदार म्हणून सर्वांत कच्चा. ते उघड्यावर असते, दर काही वर्षांनी त्याला नवा हात द्यावा लागतो, आणि तो देणाऱ्यापुढे विमान नीटनेटके दिसावे एवढीच अट असते. बाजारात मिळणारा चकचकीत इनॅमल लागतो, पट्टे अंदाजाने मारले जातात, जुने अनुदेश-शब्द रंगाखाली जातात. समुद्राजवळच्या विमानाचा तर प्रश्नच वेगळा. सी हॅरियर १९८३ पासून आली तेव्हा वरून अतिगडद सागरी करडा आणि खालून पांढरा अशी होती, पुढे पोटाचा पांढरा जाऊन करडा आला. मे २०१६ मध्ये ती निवृत्त झाली. संग्रहालयातल्या विमानावर आज जो रंग दिसतो त्यावरून यातली नेमकी कोणती अवस्था सांगायची?

यावर उपाय म्हणजे आतले कोपरे. चाकांच्या कप्प्याची कड, झाकणाखालची पट्टी, सांध्यात अडकलेला जुना थर, इथे ऊन पोचत नाही आणि नव्या रंगाचा ब्रशही पोचत नाही. परदेशात जुन्या विमानांचे थर बारीक कागदाने एकेक करून घासून रंगांचा इतिहास वाचतात. कड्यांची एकात एक वर्तुळे दिसतात, सर्वांत आतले सर्वांत जुने. आपल्याकडे हे काम पद्धतशीर झालेले नाही. परवानगीशिवाय ते करूही नये, कारण विमान कोणाच्या तरी ताब्यातली मालमत्ता असते.

बारा इंचांवरून बहात्तर फूट

समजा, खरा रंग अगदी यंत्राने मोजून मिळाला. तोच रंग प्रतिकृतीवर द्यायचा का? इथे छंदाचे सरळ दोन तट पडतात.

एकास बहात्तरचे विमान आपण एक फुटावरून पाहतो, म्हणजे खरे विमान बहात्तर फुटांवरून, साधारण २२ मीटरवरून पाहिल्यासारखे. दूरची वस्तू फिकट दिसते, सबब प्रतिकृतीचा रंगही फिकट हवा, हा विचार ब्रिटनमध्ये इयान हंटली यांच्या लेखनातून रुजला. त्यातून आलेली आणि आजही सर्रास सांगितली जाणारी प्रमाणे अशी, एकास बहात्तरला सुमारे १५ टक्के पांढरा मिसळा, एकास अठ्ठेचाळीसला १० टक्के, एकास बत्तीसला ७ टक्के.

विरोधक म्हणतात, हिशेब करून बघा. निरभ्र दिवशी २० किलोमीटरपर्यंत दिसत असेल, तर २२ मीटर हवेमुळे रंगाच्या उठावात अर्धा टक्कासुद्धा फरक पडत नाही. धुके इतके दाट की किलोमीटरपलीकडचे दिसत नाही, अशा दिवशी हा फरक आठनऊ टक्क्यांवर जातो. पौषातल्या पहाटे वैनगंगेच्या पुलावरून जाणाऱ्याला असे धुके परिचयाचे आहे. पण बहुतेक मॉडेलरना आपले विमान धुक्यात उभे करायचे नसते. शिवाय बाटलीत १५ टक्के पांढरा ओतला म्हणजे रंग १५ टक्के फिकट होतो असेही नाही. टायटॅनियमचा पांढरा जबर असतो, गडद हिरव्यात तो थोडासा पडला तरी हिरव्याची दुधट पिस्ता बर्फी होते. फिकट करड्यात तेवढाच पडला तर कळतही नाही.

मग हवेचे कारण टिकत नसेल तर नियम मोडीत काढावा का? इतक्या लवकर नाही. घराला रंग देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की शेड कार्डवरचा बोटभर चौकोन आणि भिंतीवर चढलेला तोच रंग सारखे दिसत नाहीत, भिंत अधिक उजळ आणि अधिक भडक वाटते. रंगशास्त्राच्या प्रयोगांतही हे दिसून आले आहे. पृष्ठ मोठे झाले की रंगाचा उजळपणा आणि भडकपणा दोन्ही वाढल्यासारखे भासतात. त्या न्यायाने चौदा-पंधरा मीटरच्या विमानावरचा रंग वीसेक सेंटिमीटरच्या प्रतिकृतीवर काळवंडलेला आणि मेलेला वाटणारच. उजळवणाऱ्यांना पाठबळ मिळते ते इथे. गंमत अशी की पांढरा मिसळला की रंग उजळतो खरा, पण त्याचा जोर मात्र कमी होतो, म्हणजे अर्धे काम सुधारते आणि अर्धे बिघडते. म्हणून काही जण आता पांढऱ्याऐवजी त्याच कुळातला फिकट रंग मिसळतात. हिरव्यात पिवळसर, तपकिरीत गव्हाळ. ही तडजोड मला जास्त पटते, निदान गडद रंगांसाठी. करड्यांसाठी काहीच मिसळू नये असे म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही बरेच बोलता येईल.

उजेडाचा मुद्दा या दोन्ही तटांच्या वादात मागे पडतो. दोन रंग उन्हात एकसारखे आणि ट्यूबलाइटखाली वेगळे दिसू शकतात, कारण त्यांत वापरलेली रंगद्रव्ये वेगळी असतात. खोलीत जुळवलेला करडा व्हरांड्यात नेला की हिरवट निघतो. ज्या उजेडात प्रतिकृती कायमची ठेवायची त्याच उजेडात जुळवावी, एवढे तरी दोन्ही तट मान्य करतात.

ऊन खाल्लेले विमान

कारखान्यातून निघालेला रंग आणि पाच वर्षे उन्हात उभा राहिलेला रंग यांतले अंतर कित्येकदा दोन शेजारच्या शेड-क्रमांकांपेक्षा मोठे असते. अतिनील किरणांनी रंगातला बांधणारा घटक तुटतो, पृष्ठावर भुकटी येते आणि ती पांढुरकी दिसते. मंद रंगांना हे लवकर होते. बिकानेरजवळच्या नालला उभे राहिलेले मिग-२१ आणि आसामात तेजपूरला उभे राहिलेले, दोन्हींचा डबा एकच असता तरी काही वर्षांनी जुळले नसते. एकाच रांगेतल्या चार विमानांत एक नुकतेच डेपोतून आलेले असते, ते ताजे दिसते. मग त्यातला 'बरोबर' रंग कोणता?

इथेही दोन मते आहेत. एक मत म्हणते, मूळ रंग अचूक द्यावा आणि जुनेपणा वरून पातळ थरांनी आणावा. दुसऱ्याला, विशेषतः स्पॅनिश कारागिरांच्या प्रभावाखालील शैलीला, मुळातच प्रत्येक पत्र्याला वेगवेगळी छटा द्यायची असते, सांधे गडद, मध्य उजळ. त्याने प्रतिकृती नाट्यमय दिसते, यात शंका नाही. पण आपल्या वायुसेनेची विमाने पुष्कळदा जाड रंगाची, एकसलग आणि डागडुजीच्या ठिकाणी चौकोनी ठिगळे असलेली दिसतात. सांध्यासांध्याला गडद रेघ हा परदेशी किटांच्या चित्रांतून आलेला संकेत आहे, तो इथल्या विमानावर जसाच्या तसा बसत नाही. स्पर्धांमध्ये आयपीएमएस या जुन्या संस्थेच्या पठडीतले परीक्षक या भानगडीत सहसा पडत नाहीत, ते छटेपेक्षा कारागिरीला गुण देतात.

भंडाऱ्यात रंगवायचे तर

वर जे लिहिले ते सगळे हातात योग्य बाटली आहे असे धरून. जिल्ह्याच्या ठिकाणी ती असतेच असे नाही. परदेशी प्रतिकृती किट सीमाशुल्काच्या हिशेबात खेळण्यांच्याच वर्गात मोडतात, आणि खेळण्यांवरचे शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के व २०२३ मध्ये ७० टक्के झाले. लॅकर आणि इनॅमल ज्वालाग्राही असल्याने विमानाच्या टपालाने येत नाहीत. उरतात पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक. त्यांची बाटली संपली की स्टेशनरीच्या दुकानातला कॅमलचा ॲक्रिलिक, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातला इनॅमलचा लहान डबा.

त्यांच्यावरही काम होते, फक्त रंग स्वतः मिसळावा लागतो. करडा करताना पहिली फसगत अशी की काळा आणि पांढरा मिसळला की साधा करडा होईल असे वाटते, आणि होतो तो निळसर. काजळीचा बारीक काळा पांढऱ्यात पातळ झाला की निळा सूर काढतोच. त्यात अंबर किंवा गेरूकडचा पिवळा सुईच्या टोकाएवढा घातला की तो मधे येतो. जुळवाजुळव प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीवर करावी. तिला विमानाच्या पाठीसारखा बाक असतो, त्यामुळे उजेड कसा फिरतो ते दिसते. एका चमच्यावर ओला रंग, शेजारी तासाभरापूर्वीचा वाळलेला: ॲक्रिलिक वाळल्यावर गडद झालेला असतो. त्यावर मंद वार्निश मारले की परत थोडा उजळतो, चकचकीत मारले की खोल जातो. म्हणजे वार्निश चढेपर्यंत रंग ठरलेला नसतो.

हवामान हा घटक पुस्तकांत फारसा येत नाही, कारण पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना एअरब्रशमधून निघालेला थेंब प्लॅस्टिकवर पोचण्याआधीच अर्धा वाळतो. पृष्ठ रवाळ होते, रवाळ पृष्ठावर उजेड विखुरतो आणि तोच करडा एक पायरी फिकट दिसतो. श्रावणात उलटे. हवेतला ओलावा लॅकरच्या वाळत्या थरावर बसतो आणि पांढुरकी धुरकट साय धरतो. एकाच बाटलीतून दोन ऋतूंत दोन रंग निघतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे फवारावे आणि थिनर थोडा सावकाश वाळणारा घ्यावा. पावसात लॅकर सोडून ॲक्रिलिकवर यावे. छटेवर तासन्‌तास वाद घालणारे हे साधे पथ्य पाळत नाहीत याचे नवल वाटते.

न मिटलेले

काही प्रश्न पुरेसे सुटले आहेत. हंटर, सुरुवातीची जॅग्वार आणि नौदलाची ब्रिटिश विमाने यांना क्रमांक आहेत आणि ते सर्वमान्य आहेत. काही अर्धवट सुटलेले आहेत. १९७१ च्या एफएल विमानांचे नमुने, म्हणजे पट्टे कुठे आणि कसे, हे विमानागणिक जमू लागले आहे. त्यांच्या नेमक्या छटा मात्र हाती लागलेल्या नाहीत.

चक्रातला केशरी हा छोटा पण जाचक प्रश्न. २६ जानेवारी १९५० पासून विमानांवर बाहेरून केशरी, मधे पांढरे आणि आत हिरवे वर्तुळ असे चिन्ह आहे. राष्ट्रध्वजासाठी १९५१ च्या आयएस १ मानकात केशरी आणि हिरव्याची शास्त्रीय मोजमापे दिलेली आहेत, आणि नांदेडची खादी संस्था तयार करते तो ध्वज त्याच मानकाने तपासला जातो. पण ती मोजमापे कापडाची. धातूवर मारलेल्या रंगाला ती लागू धरायची का, धरली तर उन्हाने उतरलेल्या चिन्हाचे काय, यावर मत बनलेले नाही. बाजारात मिळणाऱ्या डिकलांपैकी काहींवर नारिंगी आहे, काहींवर विटकरी, आणि दोन्हींच्या बाजूने छायाचित्रे दाखवता येतात.

सुखोई-३० एमकेआयचा करडा तर आपल्या डोळ्यांदेखत बदलतो आहे. २००२ मध्ये लोहगावला आलेली पहिली विमाने रशियात रंगवलेली, २००४ पासूनची ओझरची, आणि आता मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा रंग चढलेली, असे किमान तीन गट करून पाहायला हवेत. बहुतेक रंगपत्रके तिघांना एकच क्रमांक देतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरहून पहिले तेजस मार्क-१ए उडाले. त्याच्या करड्याची नोंद विमान नवे असताना, तारखेनिशी आणि चौकटीत रंगपट्टी ठेवून करणे आज शक्य आहे. ती कोण करणार, हे ठरलेले नाही.

मिग-२१ ची गोष्ट याहून निकडीची. निवृत्त झालेली विमाने आता संस्थांच्या आवारांत, चौकांत उभी राहतील आणि उभी करण्याआधी त्यांना रंग दिला जाईल. सेवेतला शेवटचा थर त्याखाली जाईल. चाकाच्या कप्प्यातल्या एका कोपऱ्यावर ब्रश फिरवू नये, इतकी सूचना पुरेशी आहे. ती कोणत्या पातळीवर द्यायची, डेपोने, कमांडने की विमान स्वीकारणाऱ्या संस्थेने, यावर सध्या तरी फक्त मॉडेलरच बोलत आहेत.